पुस्तकातून उतरलेली इमारत: मुंबईच्या टाउन हॉलचं प्रकरण

अथेन्स शहराबाहेर इलिसस नदीच्या काठी एक लहानसं देऊळ होतं. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातलं, पुढे-मागे आयोनिक या ग्रीक जातीचे चार-चार खांब असलेलं. १७५०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट हे दोघे इंग्लंडहून अथेन्सला गेले, त्यांनी तिथल्या जुन्या वास्तूंची बारकाईने मापं घेतली, आणि १७६२ साली त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला तेव्हा त्यात हे देऊळही होतं. १७७८ मध्ये उस्मानी अंमलदाराला शहराभोवती तट घालायला दगड हवा होता. त्याने देऊळ पाडलं. तेव्हापासून ते फक्त छापील पानांवर आहे.

त्या देवळाच्या खांबांची नक्कल मुंबईच्या फोर्टमध्ये उभी आहे. तिथल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयामुळे आपण ज्या इमारतीला सरसकट ‘एशियाटिक’ म्हणतो तिचं मूळ नाव टाउन हॉल. तिच्या तळमजल्यावर पूर्वी मेडिकल बोर्डाची कचेरी होती आणि त्या कचेरीत चार आयोनिक खांब होते. हे खांब इलिससकाठच्या देवळावरून घेतले आहेत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकात प्रवाशांसाठी छापलेल्या मार्गदर्शिकांमध्ये मिळते. टाउन हॉलचं काम १८२१ मध्ये सुरू झालं. तोवर देऊळ पडून ४३ वर्षं झाली होती. म्हणजे मुंबईत बसून नक्कल करणाऱ्यासमोर छापील नकाशांखेरीज दुसरं काही असण्याची शक्यताच नव्हती.

मला हे प्रकरण इथूनच सुरू करावंसं वाटतं, कारण टाउन हॉलबद्दल बोलताना आपण पायऱ्या, फोटो आणि सिनेमांची शूटिंग यांच्यापुढे जात नाही. ही इमारत पुस्तकातून आली, आणि दोनशे वर्षं टिकली तीही मुख्यतः पुस्तकांमुळेच. एखादी सार्वजनिक वास्तू कशाने तगते, हे समजून घ्यायला मुंबईत याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पैसे कुणाचे, घर कुणाचं

मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या इथल्या न्यायालयाचे न्यायाधीश, सर जेम्स मॅकिंटॉश यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या गव्हर्नरच्या बंगल्यात काही मंडळी जमवली आणि ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली. सभासद सगळे युरोपियन: कंपनीचे अधिकारी, लष्करातले लोक, डॉक्टर. त्यांना निबंध वाचायला जागा हवी होती आणि जमवलेली पुस्तकं ठेवायलाही. शहराला साजेसा टाउन हॉल बांधावा ही कल्पना याच वर्तुळातून पुढे आली.

पैसे उभे करायला लॉटरी काढली गेली. त्या काळात हा रिवाजच होता. कलकत्त्याचा टाउन हॉल १८१३ मध्ये पुरा झाला, तोही लॉटरीच्या पैशांवर. मुंबईत मात्र लॉटरीतून पुरेशी रक्कम जमली नाही. काम रखडलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि शेवटी सरकारने उरलेला खर्च उचलायचं कबूल केलं, पण बदल्यात सरकारी कचेऱ्यांना जागा मागितली. एकूण खर्च सुमारे ६०,००० पौंड झाल्याचं सांगितलं जातं. त्यातला फार मोठा वाटा ईस्ट इंडिया कंपनीचा होता.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. लॉटरी यशस्वी झाली असती तर ही इमारत एका क्लबची झाली असती. सरकारने सगळा पैसा आधीच दिला असता तर ती निव्वळ कचेरी ठरली असती. सौदा अर्धामुर्धा झाल्यामुळे एकाच छपराखाली सभागृह, ग्रंथालय, गव्हर्नरच्या भेटीगाठींची दालनं आणि खाली कचेऱ्या असा एकत्र संसार मांडला गेला. वास्तूवर एकाच धन्याचा पूर्ण ताबा कधीच नव्हता. पुढच्या काळात जेव्हा जेव्हा एक उपयोग संपला, तेव्हा दुसरा आधीपासून आत नांदतच होता.

काळही लक्षात घ्यायला हवा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यात रेसिडेंट असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. तोवर मुंबई हे कंपनीचं एक बंदर आणि त्याभोवतीचा किल्ला होता. आता ती अख्ख्या इलाख्याची राजधानी झाली होती, आणि तिच्याजवळ राजधानीला शोभेल अशी एकही इमारत नव्हती. दोन-तीन वर्षांत टाउन हॉलचा पाया पडतो, १८२४ मध्ये शेजारी नव्या टांकसाळीचं काम सुरू होतं, हा योगायोग नाही. पुण्याहून आलेली सत्ता इथे दगडात मांडली जात होती.

बाहेर डोरिक, आत कोरिंथियन

आराखडा बॉम्बे इंजिनिअर्सच्या कर्नल थॉमस काउपर यांचा. तेव्हा मुंबईत धंदेवाईक वास्तुविशारद नव्हते, पूल बांधणारे आणि तटबंदी दुरुस्त करणारे लष्करी इंजिनिअरच सभागृहंही बांधत. टांकसाळ बांधणारे हॉकिन्स त्याच दलातले. असे लोक घर सोडून हजारो मैलांवर आलेले, हाताशी मापांसह छापलेले ग्रंथ. विलायतेत ग्रीक पद्धतीची लाट तेव्हा ऐन भरात होती, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची ग्रीक धाटणीची नवी इमारत १८२३ मध्ये सुरू झाली. मुंबईचं काम त्याच्याही दोन वर्षं आधीचं. त्यामुळे तिकडची शिळी फॅशन इकडे उशिरा पोचली, हा नेहमीचा समज इथे लागू होत नाही. काउपर काम पुरं होण्याआधीच वारले, त्यांच्या मागून आलेल्या इंजिनिअरांनी ते तडीला नेलं आणि १८३३ मध्ये इमारत पूर्ण झाली.

आता तिच्यासमोर उभं राहून बघू या. दर्शनी बाजू सुमारे २६० फूट लांब. तळमजला बुटका आणि साधा, जणू वरच्या मजल्याचं जोतं. रस्त्यावरून निघालेल्या तीस पायऱ्या तळमजल्याला बगल देऊन थेट वरच्या मजल्यावर नेतात. पायऱ्यांच्या माथ्यावर आठ डोरिक खांबांची ओसरी आणि तिच्यावर त्रिकोणी शिखरभिंत. डोरिक ही ग्रीक खांबांची सगळ्यात कडक जात. माथ्याला वेलबुट्टी नाही, पानं नाहीत, फक्त उशीसारखा फुगीर भाग आणि वर चौकोनी पाट. अंगावर उभ्या खाचा. दुपार कलली की प्रत्येक खाचेत अर्धी सावली पडते आणि सबंध खांब रेघारेघांचा दिसायला लागतो. ओसरीचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे हा खेळ संध्याकाळपर्यंत चालतो. एखाद्या दिवशी चार-साडेचारला तिथे थांबून एकच खांब दहा मिनिटं बघावा, ग्रीक लोकांनी या खाचा का पाडल्या ते कुणी न सांगता कळतं.

तळमजल्यावरच्या कचेरीत आयोनिक खांब: सडपातळ, माथ्यावर दोन बाजूंना वळलेली गुंडाळी. आणि वरच्या मोठ्या सभागृहात कोरिंथियन, ज्यांच्या माथ्यावर अकँथस या झुडपाच्या पानांचे गुच्छ असतात. म्हणजे ग्रीकांच्या तिन्ही जाती एका इमारतीत आहेत, पण त्यांची वाटणी बघण्यासारखी आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतो तो कठोर डोरिक. सरकारी कामाने खाली आलेल्याला आयोनिक. आणि नाचाच्या किंवा दरबाराच्या आमंत्रणावरून वर गेलेल्याला कोरिंथियनचा थाट. जितकं आत जाल, जितकी तुमची पत मोठी, तितकी सजावट वाढते. काउपर यांनी हे असं ठरवून केलं असेल का, त्याला पुरावा नाही. पण इमारत वापरणाऱ्याला अनुभव हाच येणार, आणि माझ्या मते या आराखड्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच आहे. शंभर फूट लांब, शंभर फूट रुंद असं ते सभागृह आमंत्रितांसाठी होतं आणि पायऱ्या होत्या त्या बाकीच्यांनी खालून बघण्यासाठी.

आपल्या हवेत हे ग्रीक रूप कसं निभावलं, हा खरा कसोटीचा प्रश्न. अथेन्समध्ये वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत दोन हजारांच्या वर, तोही चार महिन्यांत आणि बराचसा नैर्ऋत्येकडून, म्हणजे टाउन हॉलच्या थेट तोंडावर. खोल ओसरी इथे शोभेपेक्षा जास्त कामाची ठरली, ती पाऊस आणि पश्चिमेचं ऊन दोन्ही अडवते. खिडक्यांना लाकडी झिलमिली आहेत, वर ऊन-पावसाचे आडोसे आहेत. उंच छतं आहेतच. ग्रीक देवळाला यातलं काहीच लागलं नव्हतं. तरी भिंतींवरच्या पुढे आलेल्या आडव्या पट्ट्या पाणी धरतात, तिथे माती साचते आणि पिंपळ उगवतो. मुंबईतल्या प्रत्येक जुन्या दगडी इमारतीचं हे दुखणं आहे, पण जिथे भिंतीआड हस्तलिखितं आहेत तिथे ते जास्त जीवघेणं.

खांबांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दर्शनी खांब विलायतेहून मागवले होते, मूळ बेत जोडखांबांचा होता. जहाजातून माल उतरल्यावर खांब कल्पनेपेक्षा भलतेच जाडजूड निघाले, म्हणून जोडीऐवजी एकेक उभा केला आणि उरलेले भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले. हे चर्चही १८३०च्या दशकातलंच आणि त्याच्या दर्शनी खांबांकडे बघून गोष्ट पटण्यासारखी आहे. एवढं मात्र नक्की की टाउन हॉलची ओसरी अशी आहे ती आता बरोबर वाटते. जोडखांब लावले असते तर मधली हवा गेली असती आणि पायऱ्या चढणाऱ्याला दाराआधी भिंतच दिसली असती.

पायऱ्यांवरचा जाहीरनामा आणि सभागृहातली परीक्षा

समोर तेव्हा आजचं हॉर्निमन सर्कल नव्हतं, ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचं मोकळं मैदान होतं आणि त्यात कापसाचे गठ्ठे रचलेले असत. मैदानापलीकडे सेंट थॉमस चर्च. १८६०च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि त्यानंतर मैदानाभोवती कमानींच्या इमारतींचं वर्तुळ उभं राहिलं. चार्ल्स फोरजेट या पोलीस अधिकाऱ्याने ती कल्पना लावून धरली होती. आधी त्याचं नाव एल्फिन्स्टन सर्कल होतं. स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं गेलं. त्या वर्तुळाने टाउन हॉलला चौक मिळवून दिला. त्याआधीची चित्रं पाहिली की इमारत मैदानाच्या कडेला एकटी पडलेली दिसते.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा मुंबईत याच पायऱ्यांवरून वाचला गेला. कंपनीच्या पैशांनी बांधलेल्या इमारतीच्या दारात कंपनीचं राज्य संपल्याचं जाहीर झालं.

पण मला यापेक्षा १८६२ हे वर्ष महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी २२ जानेवारीला मुंबईच्या विधिमंडळाची पहिली बैठक टाउन हॉलच्या दरबार हॉलमध्ये झाली आणि तिथे नेमलेल्या सभासदांमध्ये जगन्नाथ शंकरशेट होते. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचा पहिला पदवीदान समारंभही टाउन हॉलमध्येच झाला. विद्यापीठाला तोवर स्वतःचं छप्पर नव्हतं. पहिले चार बी.ए. म्हणजे महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. चार मराठी तरुण त्या सभागृहात पदवी घ्यायला गेले, जे तीस वर्षांपूर्वी बांधलं तेव्हा त्यांच्या वडिलांच्या पिढीला तिथे शिरकाव मिळणंही कठीण होतं. लिटररी सोसायटीचीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली; तिच्यात पहिला भारतीय सभासद घेतला गेला तो १८४० मध्ये, माणेकजी करसेटजी. संस्था स्थापन झाल्यावर तब्बल ३६ वर्षांनी.

लिटररी सोसायटीचं रूपांतर एव्हाना लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत झालं होतं आणि १८४१ पासून तिचं नियतकालिक निघू लागलं होतं. बाळशास्त्री जांभेकरांनी शिलालेख आणि ताम्रपटांवर लिहिलेले लेख त्यात आले. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याच्या शिलालेखांची वाचनं दिली, भांडारकरांचे निबंध आले. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. नाचासाठी आणि दरबारासाठी रचलेल्या घरात एका कोपऱ्यातली पुस्तकं हळूहळू सगळ्या घरावर पसरली. गव्हर्नरच्या भेटीगाठींची दालनं वापरातून गेली, सभा-समारंभांना शहरात दुसऱ्या जागा झाल्या, विद्यापीठ स्वतःच्या वास्तूत गेलं. ग्रंथालय मात्र जागचं हललं नाही.

वास्तूच्या दृष्टीने टाउन हॉल तोवर जुना झाला होता. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत नव्या मुंबईने टोकदार कमानींची गॉथिक शैली पसंत केली: विद्यापीठ, हायकोर्ट, सचिवालय, आणि मग बोरीबंदरचं स्टेशन. ग्रीक पद्धतीचा पुन्हा कुणी विचार केला नाही. आजही मुंबईचा वारसा म्हटलं की व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको एवढंच पुढे येतं, २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या समूहाच्या नावातही याच दोन शैली आहेत. त्यांच्या आधीचा, बॉम्बे इंजिनिअर्सच्या हातचा हा थर बाजूला पडला आहे. मला ही मोठी उणीव वाटते, कारण किल्ल्याचं गाव आणि गॉथिक महानगर यांमधली अर्धशतकभराची मुंबई याच थरात दिसते.

आत काय आहे

आत शिरलं की संगमरवरी पुतळे भेटतात. एल्फिन्स्टन आणि माल्कम हे दोन्ही गव्हर्नर इंग्लंडचे नामवंत शिल्पकार चँट्री यांच्या हातचे. जमशेटजी जिजीभाई आहेत. आणि नाना शंकरशेट आहेत, मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने घडवलेले. ग्रीक धाटणीच्या वास्तूत, विलायती शिल्पकाराच्या छिन्नीतून उतरलेली आपली पगडी. वरच्या लाकडी फरशीवरून चालताना पावलांचा आवाज होतो, लोखंडी गोल जिने वरच्या कपाटांकडे जातात, लांब टेबलांवर लोक वाचत बसलेले असतात. दुर्गा भागवतांनी आपल्या आयुष्यातली कितीतरी वर्षं याच ग्रंथालयात बसून वाचन केलं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या नावाने संस्थेचं संशोधन केंद्र आहे.

संग्रहाबद्दल बोलताना सगळे इटालियन कवी डांटेच्या हस्तलिखितापाशी थांबतात. एल्फिन्स्टन यांनी दिलेली डांटेच्या महाकाव्याची चौदाव्या शतकातली प्रत इथे आहे आणि मुसोलिनीने तिच्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते अशी आख्यायिका आहे. गोष्ट रंगतदार आहे, पण माझं मन सोपाऱ्याच्या ऐवजापाशी रेंगाळतं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा खणला. तो स्तूप निघाला. मध्यभागी दगडी करंडक, त्यात तांब्याचा, त्याभोवती बुद्धांच्या आठ ब्राँझ मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक, त्यात बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे. हा ऐवज टाउन हॉलमध्ये आहे. मुंबईहून लोकलने तासाभरावर असलेल्या गावातलं हे धन आपल्यातल्या किती जणांनी पाहिलं असेल?

याच इमारतीत राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. १९५४च्या कायद्यानुसार देशातल्या प्रकाशकांना आपल्या पुस्तकांच्या प्रती ज्या मोजक्या ग्रंथालयांना द्याव्या लागतात, त्यांत ते एक. म्हणजे एकीकडे लाखभर जुने ग्रंथ, दुसरीकडे सतत येणारी नवी पुस्तकं, आणि दोन्ही पेलायची ती नृत्य-दरबारासाठी आखलेल्या वास्तूने. ती पहिल्या श्रेणीची वारसा इमारत असल्यामुळे तिच्यात हवी तशी भर घालता येत नाही, आणि घालता येऊही नये. वास्तू सरकारी, संग्रह संस्थेचा, खर्च दोघांच्या मधे. १८२०च्या दशकातल्या सौद्याने इमारतीला तगवलं, पण गळतं छप्पर कुणी दुरुस्त करायचं, दमट भिंतीजवळचं कपाट कुणी हलवायचं, असे प्रश्नही त्याच सौद्याने वारशात दिले.

गेल्या दशकात दुरुस्तीची कामं झाली, दर्शनी बाजू स्वच्छ झाली. संस्थेने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने जुने ग्रंथ डिजिटल रूपात आणले आहेत आणि एखादं जीर्ण पुस्तक दत्तक घेऊन त्याच्या जतनाचा खर्च उचलण्याची योजनाही चालवली आहे. ही दोन्ही कामं मला दर्शनी रंगरंगोटीपेक्षा मोलाची वाटतात. पुस्तकं नीट राहिली तर वाचक येतील, आणि वाचक येत राहिले तर छपराकडे लक्ष द्यायला कुणीतरी भाग पाडेल.

एक काम मात्र अजून व्हायला हवं, आणि ते फार खर्चाचं नाही. या इमारतीचे मोजून काढलेले नकाशे, तिन्ही प्रकारच्या खांबांच्या तपशिलांसह, मराठीत टिपा देऊन लोकांसमोर मांडायला हवेत. ओसरीतच एक फलक लावता येईल: हा डोरिक, खालचा आयोनिक इलिससकाठच्या देवळावरून, वरचा कोरिंथियन. स्टुअर्ट आणि रेव्हेट यांची जुनी पानं त्याशेजारी ठेवली तर वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना नमुना आणि नक्कल समोरासमोर तपासता येईल. तळमजल्याचा तो भाग ठरावीक दिवशी तरी बघायला खुला करावा. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर रोज शेकडो लोक बसतात, त्यातले निम्मे तरी आत येतील.